क्षण म्हणजे शून्य लांबीचा कालावधी नव्हे

संगणकीय वैद्यकीय नोंदींत प्रत्येक नोंदीला सुरुवात आणि शेवट अशा दोन वेळा द्याव्यात आणि क्षणिक घटनेत त्या सारख्याच ठेवाव्यात, ही सूचना सोपी असली तरी मला पटत नाही. रुग्णाने ‘2019 मध्ये बेशुद्ध पडलो होतो’ असे सांगितले, तर घटना क्षणिकच आहे, फक्त तिची तारीख नक्की ठाऊक नाही. एफएचआयआर (FHIR) या आरोग्य-माहितीच्या देवाणघेवाणीच्या मानकातील कालावधीत सुरुवात आणि शेवट दोन्हीकडे 2019 लिहिले, तर शेवटाच्या मूल्यात त्याच्याशी जुळणारी प्रत्येक वेळ धरली जात असल्यामुळे त्याचा अर्थ संपूर्ण वर्ष असा होतो. अनिश्चितता आणि लांबी यांची अशी सरमिसळ वैद्यकीय नोंदीत मुळीच चालणार नाही.

आता खऱ्या कालावधीचे उदाहरण म्हणून तपासणीसाठी जमा केलेली चोवीस तासांची लघवी पाहा. सकाळी 7 ची पहिली लघवी टाकून देतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी 7 पर्यंतची, शेवटची धरून, कॅनमध्ये जमा करतात. कॅनमधले 1450 मिली ही त्या अवधीची बेरीज आहे. ओपनईएचआर (openEHR) या वैद्यकीय नोंदींच्या रचनेच्या मानकातील अवधी-घटनेत अवधीची लांबी आणि मूल्य बेरीज आहे, सरासरी आहे की कमाल, हे सांगणारी स्वतंत्र जागा असते. क्षण-घटनेत ती नसते, आणि ते योग्यच आहे. मात्र अवधी-घटनेत नोंदलेली वेळ अवधीच्या शेवटाची असते, त्यामुळे एफएचआयआरमध्ये नेताना सुरुवात काढण्यासाठी त्या वेळेतून लांबी वजा करावी लागते.