मारुती ८०० : एक्झॉस्टचा स्टड हेडमध्येच तुटला, दुसरा नट गोल झालाय, काय करू?

हर्णैकर८००
नमस्कार मंडळी, बाबांची ९७ ची मारुती ८०० आहे, कार्ब्युरेटरवाली. घर हर्णैला बंदराच्या बाजूलाच, त्यामुळे खारा वारा थेट गाडीवर, पत्र्याचं तर सोडाच पण खालचा एकेक नट-बोल्ट गंजून एकजीव झालाय. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं (इंजिनातला धूर गोळा करून पुढे नेणारा भाग) गॅस्केट (सांधा बंद ठेवणारी पट्टी) गेलंय, फटफट आवाज येतो आणि धुराचा वास आत येतो म्हणून मॅनिफोल्ड उतरवायला घेतला. इथल्या एका गॅरेजवाल्याने पान्याला हातभर पाइप लावून जोर काढला, नट जागचा हलला नाही, स्टडच (हेडमध्ये रुतलेला बिनडोक्याचा बोल्ट) कट्‌कन गेला. हेडच्या, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाच्या, बाहेर ३-४ मिमी तुकडा दिसतोय. शेजारच्या नटाचे कोपरे पण झिजून गोल झालेत. आता तो म्हणतो भोक पाडून इझीआउट (तुटका बोल्ट काढायचा उलट्या आट्यांचा दांडा) मारू, नाहीतर हेड उतरवा आणि लेथवर न्या. रजिस्ट्रेशन रिन्यू करायचंय, पासिंगची तारीख जवळ आलीय, हेड उतरवायची माझी तरी इच्छा नाही. स्टड ८ मिमीचा आहे, आटे १.२५ मिमीचे.

पानानंबरबारा
इझीआउट नको!! त्याला आधी थांबव. जो स्टड एवढ्या जोराने तुटला पण सुटला नाही, तो त्याच्या पोटात घातलेल्या बारक्या इझीआउटने सुटेल का? इझीआउट कडक पोलादाचा असतो, पिळला की काचेसारखा फुटतो, आणि एकदा तो आत तुटला की साधं ड्रिल त्याच्यावर नुसतं घसरतं, मग स्पार्क इरोजनवाला (विजेच्या ठिणगीने धातू कोरणारा) शोधत फिर.

३-४ मिमी बाहेर आहे म्हणजे नशीबवान आहेस. तुकडा वायर ब्रशने लख्ख कर, वर एक वायसर ठेव, त्यावर थोडा मोठा नट ठेव आणि नटाच्या भोकातून आत वेल्डिंग भरून घे, स्टड वायसर नट सगळं एक झालं पाहिजे. लाली जाऊन जरा निवू दे, मग रिंग पाना लावून थोडं पुढे थोडं मागे, एकदम फिरवायचं नाही. वेल्ड सुटला तर परत भर, बऱ्याचदा पहिला सुटतोच, पण दर वेळी स्टड तापून निवतो आणि गंजाची पकड ढिली होत जाते. खरं काम ती उष्णताच करते, नट फक्त पाना धरायला. बॅटरीच्या वायरी काढ, कार्ब्युरेटर आणि पेट्रोलच्या नळीवर ओलं गोणपाट टाक, आग विझवायचा सिलेंडर हाताशी ठेव.

आणि हो, गॅसची ज्योत थेट हेडवर मारू देऊ नको. हेड अ‍ॅल्युमिनियमचं आहे, ते लोखंडासारखं लाल होऊन इशारा देत नाही, ६६० डिग्रीच्या आतच सरळ वितळतं.

मालवणीफिटर
मेल्या, पाइप लावून जोर काढूक कोणी सांगल्यान त्येका? गंजलेलो नट जोरान सुटणा नाय, हलवून हलवून सुटता.

गोल झालेल्या नटाचं सांगतो. १२ ची बारा कोपऱ्यांची गोटी (सॉकेट) लावली असणार, ती कोपऱ्यांवरच धरते म्हणून कोपरे जातात. सहा कोपऱ्यांची ११ ची गोटी घे आणि हातोडीने ठोकून नटावर बसव. ठोकण्याचा फायदा असा की हादऱ्याने गंज पण मोडतो. मग आधी किंचित आवळायच्या बाजूला, त्यानंतर सोडायच्या. तेही जमलं नाही तर नट स्प्लिटर (नट फोडायचं हत्यार), नाहीतर ग्राइंडरने नटाच्या एका बाजूला चीर पाडून छिन्नी मार, नट उघडतो आणि स्टड वाचतो. जे नट अजून शाबूत आहेत ते फक्त नट तापव, बाजूला जाळ जाऊ देऊ नको, आणि तापलेल्या नटाच्या मुळाशी मेणबत्ती टेकव, मेण आपोआप आट्यांत ओढलं जातं. आमच्याकडे बोटीच्या इंजिनांवर हे कायम चालतं.

जुनंतेसोनं
मेणबत्ती वगैरे ठीक आहे पण मी तेलवाला माणूस. डब्ल्यूडी-४० वर विसंबू नका, ते मुळात ओल हटवायला बनवलेलं, गंज भेदायला वेगळं पेनिट्रेटिंग ऑइल मिळतं ते घ्या. ते नसेल तर ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल आणि अ‍ॅसिटोन निम्मं निम्मं, वापरताना बाटली हलवून. संध्याकाळी सोडायचं, दोन टिचक्या मारायच्या, सकाळी परत. घाई असेल तर पासिंगची तारीख पुढची घ्या.

पानानंबरबारा
@जुनंतेसोनं तेल चालेल, पण अ‍ॅसिटोन सोडलं त्या दिवशी जाळ आणि वेल्डिंग बंद, पूर्ण पुसून वाळू द्यायचं. आणि ब्रेक क्लीनरने धुतलं असेल तर जास्तच जपा, क्लोरीनवाल्या क्लीनरवर वेल्डिंग केलं की विषारी वायू होतो.

हर्णैकर८००
जेटीवर बोटींची कामं करणारा एक वेल्डर आहे त्याला विचारतो. पण वेल्डिंग धरलंच नाही तर? आणि परत बसवताना ग्रीस लावू का, की पुढच्या पावसाळ्यानंतर पुन्हा हेच?

मालवणीफिटर
धरलं नाही तर तुकडा सपाट घासायचा, बरोबर मध्ये सेंटर पंच, आधी ३ चं भोक आणि मग वाढवत ६.८ पर्यंत, एमएट (८ मिमी) १.२५ च्या टॅपचं, म्हणजे आटे पाडायच्या हत्याराचं, ड्रिल तेच. उलट्या आट्यांचं ड्रिल मिळालं तर उत्तम, कधी कधी भोक पाडतानाच तुकडा फिरून बाहेर येतो. भोक तिरकं गेलं तर हेडचे आटे गेले, मग हेलिकॉइल (तारेचे नवे आटे बसवणं). हे काम हात स्थिर असलेल्याकडूनच करून घे, गाडीखाली घाम पुसत करायचं नाही.

साधं ग्रीस एक्झॉस्टला जळून जातं. सगळे स्टड नवीन घाल, आट्यांना तांब्याची अँटीसीझ पेस्ट आणि नट पितळी, ते लोखंडी स्टडवर गंजून चिकटत नाहीत. पेस्ट लावल्यावर नट जास्त आवळला जातो म्हणून टॉर्क (आवळायचा जोर) थोडा कमी ठेव. गॅस्केट लावण्याआधी मॅनिफोल्डच्या तोंडावर स्टीलची पट्टी धरून बघ, वाकलं असेल तर फेसिंग करून (तोंड सपाट घासून) घे, नाहीतर नवीन गॅस्केट पण फुटेल. आणि तोवर काचा बंद करून गाडी चालवू नका, धुराचा वास येतो तो कळतो तरी, कार्बन मोनॉक्साइडला वासच नसतो.