‘कॅरॅक्टर ॲक्टर’ला ‘चरित्र अभिनेता’ म्हणावे का?

हॉलिवूडच्या जुन्या विनोदपटांतील एडगर केनेडी (१८९०–१९४८) यांच्यावर लेख लिहिताना पहिल्याच वाक्यात अडलो आहे. मी त्यांना ‘कॅरॅक्टर ॲक्टर’ (ठळक स्वभावाच्या दुय्यम भूमिका करणारा नट) या अर्थी ‘चरित्र अभिनेता’ म्हटले, तेव्हा संपादकांनी विचारले, की त्यांनी कोणाची चरित्रे रंगवली? शंका रास्त आहे. कीस्टोन या चित्रपटसंस्थेच्या मूकपटांपासून अखेरपर्यंत केनेडी पोलीस, शेजारी, त्रस्त नवरा अशा भूमिका करत राहिले. त्यांच्यासाठी कोणता शब्द वापरावा?

प्रतिसाद १ : हा शब्द हिंदीतून जसाच्या तसा उचलला आहे. तिकडे चरित्र म्हणजे स्वभाव. आपल्याकडे ‘लीळाचरित्रा’पासून चरित्र म्हणजे जीवनकथा. ‘स्वभावनट’ म्हणावे.

प्रतिसाद २ : ‘स्वभावनट’ कोणाच्या तोंडी आहे? ‘चर्’ धातूवरून आलेल्या चरित्राचा मूळ अर्थ वागणूक असाच आहे, आणि रुळलेला शब्द केवळ हिंदीतून आला म्हणून हाकलणे मला मान्य नाही.

प्रतिसाद ३ : मला त्याहून अवघड वाटते ते केनेडींची ओळख ठरलेल्या ‘स्लो बर्न’चे, म्हणजे सावकाश चढत जाणाऱ्या रागाचे, भाषांतर. १९३३ च्या ‘डक सूप’मध्ये ते सरबतवाले आहेत. विनोदी नट हार्पो मार्क्स त्यांची टोपी शेंगांच्या गाडीवरच्या जाळात घालतो, तरी त्यांचा स्फोट लगेच होत नाही. राग चढत असताना टकलावरून चेहऱ्यावर सावकाश तळहात ओढण्याची त्यांची लकब कोण विसरेल? माझी आजी चुलीतल्या ओल्या लाकडाबद्दल म्हणायची, ‘पेटत नाही मेलं, नुसतं धुमसतंय.’ त्यामुळे मला ‘धुमसणे’ हाच शब्द योग्य वाटतो.

प्रतिसाद ४ : असहमत. माणूस धुमसतो तो आतल्या आत, इतरांना पत्ता लागू न देता. केनेडींचा राग तर शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकालाही दिसतो. १९२९ च्या ‘परफेक्ट डे’मध्ये दुखऱ्या पायाला बँडेज बांधून ते लॉरेल-हार्डीबरोबर सहलीला निघतात आणि त्याच पायाला पुन्हा पुन्हा मार बसतो. तिथे ‘पारा चढत जाणे’ हेच म्हणावे लागेल.

प्रतिसाद ३ : पारा कोणाचाही चढतो, आणि पटकनही चढतो. शिवाय ओले लाकूड धुमसताना घरभर धूर होतो, आजीचे डोळे चुरचुरायचे. ते आतल्या आत कसे म्हणायचे?

प्रतिसाद १ : आणि ‘स्वभावनटा’चे काय झाले?