बालीत चांगले कॉफी कॅफे कसे शोधायचे? (मे महिना, सोबत सासूबाई आणि मुलं)

संत्रा_बाग (वरुड)

राम राम मंडळी. येत्या मेच्या शेवटच्या पंधरवड्यात सात दिवस बालीला जायचं ठरलंय. आमची संत्र्याची बाग मृग बहाराची आहे, तेव्हा झाडं ताणावर (पाणी तोडलेली) असतात आणि घर सोडता येतं. आम्ही पाच जण: मी, हे, दोन मुलं आणि सासूबाई. त्यांचं वय ६८, गुडघे दुखतात, पूर्ण शाकाहारी, अंडंसुद्धा चालत नाही.

देवळं, धबधबे टूरवाला दाखवीलच. मला रोज तासदीड तास एखाद्या निवांत कॅफेत बसायचंय, जिथं समोर बघायला काही असेल आणि कॉफीही खरोखर चांगली असेल. रील्समध्ये फिरून फिरून त्याच चार जागा दिसतात आणि प्रत्येकीसमोर रांग. कोणत्या भागात जावं? जागा चांगली आहे हे आधी कसं ओळखावं? गरम दुधाची कॉफी कशी मागायची, खर्च किती धरायचा? टूरच्या यादीत "कॉफी प्लांटेशन भेट, मोफत" असंही लिहिलंय. ती ठेवावी की काढावी?

सातपुडा_वाट (परतवाडा)

ताई, लोक जागा आधी ठरवतात आणि वेळ नंतर. तुम्ही उलट करा. तिथं एकच कॅफे सकाळी आठला निवांत असतो आणि दुपारी एकला त्याच टेबलासाठी पाऊण तास उभं राहावं लागतं.

सगळ्यात जास्त फरक किंतामणीला, म्हणजे ज्वालामुखीजवळच्या डोंगराळ भागात पडतो. पेनेलोकनच्या कड्यावर काचेच्या कॅफेंची ओळच आहे, समोर बातुर ज्वालामुखी (१७१७ मीटर) आणि खाली तळं. सकाळी डोंगर स्वच्छ दिसतो. ऊन चढलं की ढग जमायला लागतात आणि बरेचदा दुपारपर्यंत समोर नुसता पांढरा पडदा उरतो. टूरच्या गाड्या मात्र नेमक्या जेवणाच्या वेळेला तिथं पोचतात, कारण वाटेत बाटिकचं दुकान, चांदीचं दुकान आणि एखादं देऊळ आधी उरकायचं असतं. ड्रायव्हरला आदल्या रात्रीच सांगून ठेवा: आधी किंतामणी, बाकीचं सगळं परतताना. उबुदहून (बेटाच्या मधलं, भातशेतांचं गाव) अंतर साधारण ३५ किलोमीटर, सव्वा तास लागतो. साडेसहाला निघालात तर आठच्या आत टेबल मिळतं. कॅफे उघडण्याची वेळ नकाशावर आदल्या दिवशी बघून घ्या, सगळे सातला उघडत नाहीत. कडा १४०० मीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या चिखलदऱ्यापेक्षाही उंच. वारा बोचतो, सासूबाईंची शाल हाताशी ठेवा. आणखी एक: यातले बरेच कॅफे कड्याच्या उतारावर टप्प्याटप्प्याने बांधलेत. चांगल्या जागा खाली असतात आणि तिथं जायला पायऱ्या. गुडघ्यांसाठी रस्त्याच्या पातळीवरचं टेबल मागा, डोंगर तिथूनही पुरा दिसतो.

सासूबाईंसाठी मुक्कामाचे निदान दोन दिवस सानूरला ठेवा. पूर्व किनारा आहे, सूर्य समुद्रातून उगवतो, लाटा शांत, आणि किनाऱ्याला लागून पाचेक किलोमीटरची सपाट फरसबंद वाट आहे. वाटेवर जागोजागी बसायला कॅफे. मेमध्ये तिथं सूर्योदय साडेसहाच्या जवळपास आणि सूर्यास्त सहाच्या सुमारास. त्यामुळे "संध्याकाळी सात वाजता समुद्र बघू" असं आपल्या सवयीनं ठरवाल तर काळोखच दिसेल. सूर्यास्त बघायला पश्चिम किनारा, आणि तिथं साडेचारलाच जागा धरावी लागते. समुद्राकाठच्या मोठ्या जागांमध्ये कमीत कमी इतकं बिल झालंच पाहिजे अशी अट असते, बसण्याआधी विचारा.

चांगू हा पश्चिम किनाऱ्यावरचा गजबजलेला भाग या सात दिवसांत सोडून द्या. कॉफी उत्तम मिळते, पण गल्ल्या अरुंद, गाडी दाराशी जात नाही, दोन किलोमीटरला अर्धा तास जातो.

आता ओळखायचं कसं. नकाशावर "कॅफे" शोधाल तर जेवणाची हॉटेलं पुढं येतात. त्याऐवजी "कोपी", "केदाई कोपी" (कॉफीचं दुकान) किंवा "रोस्टरी" (बी भाजणारी जागा) टाका. अभिप्राय "नवीन आधी" असे लावा आणि मालकानं टाकलेले फोटो सोडून ग्राहकांचे बघा. काउंटरवर दळायचं यंत्र दिसतं का, पाकिटावर भाजल्याची तारीख आहे का, यादीत बी कुठल्या भागाचं ते लिहिलंय का. या तीन गोष्टी असतील तर कॉफी वाईट निघणं कठीण. यादीत ऐंशी पदार्थ, पंख लावलेला झोका आणि फोटोसाठी भाड्यानं ड्रेस असेल तर तिथं कॉफी हा जोडधंदा समजा. उबुदमध्ये श्रीवेदारी रस्त्यावरचं सेनिमान हे स्वतः बी भाजणारं जुनं ठिकाण. शेताचा देखावा तिथं नाही, पण इंडोनेशियाच्या वेगवेगळ्या बेटांची कॉफी शेजारी शेजारी ठेवून चाखायची असेल तर तिथंच जा.

धान_बांधी (साकोली)

उबुदच्या भातशेतातल्या कॅफेंबद्दल एक गोष्ट राहिली. फोटोत हिरवंगार दिसतं ते धान वर्षभर तसं नसतं. तिथं पाण्याचं वाटप "सुबाक" नावाच्या शेतकऱ्यांच्या संस्था ठरवतात (२०१२ पासून ही पद्धत जागतिक वारशात आहे). पाणी पाळीनं येतं, म्हणून रोवणीही सगळीकडे एकाच वेळी होत नाही. एका बाजूला बांध्यांत नुसतं पाणी आणि चिखल, दुसरीकडे पोटरीत आलेलं धान, तिसरीकडे कापणी होऊन धसकटं, आणि हे सगळं एकाच आठवड्यात. त्यामुळे कॅफेचं नाव पाठ करून जाऊ नका. जाण्याआधी गेल्या दहा दिवसांतले ग्राहकांचे फोटो बघा, शेत कोणत्या अवस्थेत आहे ते आपल्याकडच्या माणसाला एका नजरेत कळतं. रोवणीनंतर महिना-दीड महिना झालेला असेल तर सगळ्यात देखणं.

मुख्य रस्त्यावरून कजेंग गल्लीनं उत्तरेला चालत गेलं की गल्ली संपून पायवाट थेट शेतात शिरते, कडेला लहान लहान वारुंग, म्हणजे घरगुती टपऱ्या-खाणावळी आहेत. वाट एका माणसापुरती, कुठं कुठं पाटाच्या काठावरून जाते आणि मधूनच स्कूटर येते. मुलांना मजा येईल, सासूबाईंना नको. सकाळी नऊच्या आत जा, नंतर सावली नाही. भातशेताजवळ संध्याकाळी डास असतातच, मलम सोबत ठेवा.

आणि दाराशी, पायरीवर पानाच्या छोट्या द्रोणात फुलं, उदबत्ती ठेवलेली दिसेल, कधी कधी कॉफीचा छोटा पेलाही. तो त्यांचा रोजचा नैवेद्य. मुलांना आधीच सांगून ठेवा, ओलांडू नये, पाय लागू देऊ नये.

मेळघाटी (चिखलदरा)

"प्लांटेशन भेट, मोफत" काढून टाका.

उबुदजवळच्या तेगलालांगच्या रस्त्यावर अशा जागा एकामागून एक आहेत. आत नेऊन दहा-बारा छोटे पेले मांडतात: आल्याचा चहा, गवती चहा, नारळाची कॉफी, व्हॅनिलाची कॉफी. बहुतेक साखर घातलेल्या पावडरी असतात. ते फुकट. "लुवाक" कॉफीचा पेला मात्र साधारण ५० हजार रुपियाला (रुपिया हे तिथलं चलन), आणि शेवटी दुकानातून बाहेर पडायचं. गाडीवाल्याला खरेदीवर कमिशन असतं, म्हणून तो आग्रह धरतो. लुवाक म्हणजे आपलं उदमांजर. ते पिकलेलं फळ खातं, बी विष्ठेतून अख्खं बाहेर पडतं, ते धुऊन भाजतात. रानातलं उदमांजर निशाचर आणि एकटं राहणारं, मिळेल ते खाणारं. पिंजऱ्यात त्याला कॉफीचीच फळं चारतात आणि ते दिवसभर जाळीपाशी येरझारा घालत राहतं. "आमचं रानातलंच" असं पाकिटावर लिहिलेलं असलं तरी ते तपासायची ग्राहकाकडे काहीच सोय नाही. मुलांना ते पिंजरे दाखवू नयेत असं मला मनापासून वाटतं.

त्याऐवजी किंतामणीलाच कॉफीची खरी शेती बघा. तुम्हाला तर ती बघायलाच हवी, कारण तिथं कॉफीच्या ओळींमध्ये संत्र्याच्या कुळातली झाडं लावतात. वर सावलीला पांगाऱ्याच्या जातीची आणि सुबाभूळ. किंतामणीच्या अरेबिका जातीच्या कॉफीला २००८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, इंडोनेशियातलं ते पहिलं. मेअखेर तोडणीची सुरुवात असते, लाल फळं झाडावर दिसतील. पिकलेलं फळ बोटांत दाबलं की गर गोड आणि चिकट लागतो, आत दोन बिया सपाट बाजूनं एकमेकींना टेकलेल्या.

वाटाडे सांगतात की शेजारच्या संत्र्यामुळे कॉफीला संत्र्याची चव येते. ते खरं धरू नका. उंचावरची, गर काढून पाण्यात धुतलेली अरेबिका तशीही आंबटसर, फळासारखी लागते. संत्र्याचा उपयोग वेगळा: कॉफीचे पैसे वर्षातून एकदा येतात, संत्र्याचे मधल्या काळात. बाजाराचा भाव पडला तर दुसरं पीक हात देतं. महाराष्ट्रात कॉफीचं ठिकाण म्हणून चिखलदऱ्याचंच नाव घेतात, आणि आपल्या भागात दोन्ही पिकं असून ती एका शेतात क्वचितच भेटतात. तेव्हा झाडांमधलं अंतर, छाटणी, सावली किती ठेवलीय हे नीट विचारून या आणि इथं लिहा.

काळी_माती (आर्वी)

पैशांचं आणि खाण्याचं सांगतो.

यादीत "३५" किंवा "३५ के" लिहिलं असेल तर ते ३५ हजार रुपिया. दहा हजार म्हणजे आपले साधारण ५० ते ५५ रुपये, म्हणून मागची तीन शून्यं काढा आणि सव्वापाचनं गुणा. वारुंगमध्ये साधी काळी कॉफी ५ ते १० हजार, चांगल्या कॅफेत कॅपुचिनो ३५ ते ४५ हजार. किमतीपुढे "++" दिसलं तर त्यावर कर १० टक्के आणि सेवाशुल्क ५ ते १० टक्के वेगळं लागतं. पाच जणांच्या बिलात हा फरक चांगलाच जाणवतो. दिवसभराची गाडी ड्रायव्हरसह ६ ते ८ लाख रुपिया, दहा तास. वारुंगसाठी सुटे पैसे ठेवा. तिथली बरीच एटीएम आधी पैसे देतात आणि कार्ड नंतर, घाईत कार्ड तिथंच राहतं.

दुधाची कॉफी मागताना जपून. वारुंगमधल्या "कोपी सुसू"त घट्ट गोड डब्याचं दूध असतं, त्यामुळे "तान्पा गुला" म्हणजे साखर नको सांगितलं तरी गोडच येते. कॅफेत "कोपी सुसू गुला आरेन" मागितली तर ताडगुळाची, बर्फ घातलेली येते. गरम हवी तर "पानास" हा शब्द जोडा. सासूबाईंसाठी कॅपुचिनो किंवा लाटे सांगणं सोपं, ताजं दूध आणि साखर वेगळी. बर्फ मधे भोक असलेल्या नळीच्या आकाराचा असेल तर तो कारखान्यातला. फोडलेल्या लादीचा चुरा असेल तर मुलांना देऊ नका. नळाचं पाणी कुणीच पिऊ नये.

खायला: "तान्पा दागिंग, तान्पा इकान, तान्पा तेलुर" (मांस नको, मासे नको, अंडं नको) हे कागदावर लिहून ठेवा. तरीही चटणीत, म्हणजे सांबालमध्ये, "तेरासी" नावाची कोळंबीची पेस्ट असते आणि ताटात ठेवलेले पापड बरेचदा कोळंबीचेच. दोन्ही वेगळं सांगून टाळावं लागतं. कॉफीसोबत "क्लेपोन" निर्धास्त मागवा: तांदळाच्या पिठाचे गोळे, आत पातळ गूळ, वरून ओलं खोबरं. "दादार गुलुंग" ही हिरवी गुंडाळी खोबऱ्याची दिसते खरी, पण तिच्या धिरड्यात सहसा अंडं असतं. क्रोसांवरची चकाकीही अंड्याचीच.

इतर वाचकांसाठी: मार्चमध्ये जाणार असाल तर न्येपी या सणाची तारीख बघा. त्यांचं शक वर्ष त्या दिवशी सुरू होतं आणि २४ तास विमानतळासकट सगळं बंद, हॉटेलबाहेर पडता येत नाही. गालुंगान हा सण दर २१० दिवसांनी येतो, २०२६ मध्ये १७ जूनला. त्या दोन-तीन दिवसांत लहान वारुंग बंद असतात.

संत्रा_बाग (वरुड)

सगळ्यांचे आभार. प्लांटेशन काढलं, सानूरचे दोन दिवस घातले. शेवटचं विचारते: घरी यंत्र नाही, तर कोणती कॉफी आणायची आणि ती करायची कशी?

सातपुडा_वाट (परतवाडा)

दोन पाकिटं घ्या, दोन्ही "कोपी मुर्नी" म्हणजे निव्वळ कॉफी. स्वस्त पावडरीत मका किंवा तांदूळ भाजून मिसळलेला असू शकतो.

काळी पिणाऱ्यांसाठी किंतामणी अरेबिका, मध्यम भाजलेली. दुकानात "गिलिंग हालुस" म्हणजे बारीक दळून मागा. काचेच्या पेल्यात दोन चमचे भरून, साधारण १० ग्रॅम, त्यावर १५० मिलि उकळतं पाणी, एकदा ढवळा आणि चार मिनिटं हात लावू नका. हीच त्यांची कोपी तुब्रुक. गाळ खाली बसतो, शेवटचं बोटभर सोडून द्यायचं. गाळ वर तरंगत राहिला तर दळण जाड आहे किंवा पाणी पुरतं उकळलेलं नव्हतं.

दुधासाठी बालीतल्याच पुपुआन भागाची रोबस्टा (कॉफीची दुसरी, कडक जात), गडद भाजलेली. हलकी भाजलेली अरेबिका दुधात घातली तर आंबट लागते, कधी दूध फुटतंही. २० ग्रॅम पावडर १५० मिलि पाण्यात तशीच मुरवा, फडक्यानं गाळा, गरम दूध वरून घाला. पावडर दुधात टाकून उकळू नका, कडू होते.

पाकिटावरची भाजल्याची तारीख महिन्याच्या आतली असू द्या. उघडल्यावर घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, ओट्यापासून लांब ठेवा. फ्रिजमध्ये नको, ओल धरते आणि बाकीच्या वस्तूंचा वास लागतो. दळलेली असेल तर तीन आठवड्यांत संपवा.