मदत हवी आहे : देवमासा आणि पाणघोडा यांचे नाते कोणत्या साम्यावरून ठरवायचे?

नमस्कार. मी दहावीच्या विद्यार्थ्यांना विज्ञान शिकवतो. उत्क्रांती आणि प्राण्यांचे वर्गीकरण हे दोन वेगळे पाठ असल्यामुळे वर्गीकरण म्हणजे लक्षणांचा तक्ता आणि उत्क्रांती म्हणजे पुराव्यांची यादी, असा मुलांचा समज होतो. हे दोन्ही विषय एकच आहेत हे दाखवण्यासाठी मी देवमाशाचे उदाहरण घेतो. परंतु त्यातील एका मुद्द्यावर माझेच समाधान होत नाही.

देवमासा सस्तन आहे, इथपर्यंत अडचण येत नाही. वर्गीकरणाचा पाया घालणारा शास्त्रज्ञ लिनिअस याने आपल्या ‘सिस्टिमा नॅचुरी’ या ग्रंथाच्या १७५८ सालच्या आवृत्तीतच त्याला माशांमधून काढून सस्तन प्राण्यांत बसवले होते. अडचण पुढे आहे. आजच्या वर्गीकरणात देवमासा गाय, डुक्कर, हरीण यांच्या समखुरी (सम संख्येने खूर असलेल्या) गटात येतो आणि हयात प्राण्यांपैकी पाणघोडा त्याचा सर्वांत जवळचा नातलग ठरतो; म्हणजे पाणघोडा दिसायला डुकरासारखा असला तरी नात्याने देवमाशाला अधिक जवळचा आहे. (यावर ‘म्हणजे पाणघोड्याचा देवमासा झाला का?’ हा प्रश्न वर्गात हमखास येतो. दोघांचा पूर्वज एक होता, एवढेच त्याचे उत्तर आहे.)

पूर्वी मात्र दातांच्या साम्यावरून मेसोनिकिड या नामशेष मांसाहारी प्राण्यांना देवमाशांचे पूर्वज मानले जात असे. २००१ मध्ये पाकिस्तानात सापडलेल्या पाय असलेल्या आदिम देवमाशांच्या घोट्याचे हाड प्रसिद्ध झाले आणि त्याला समखुरी प्राण्यांप्रमाणे दोन्ही टोकांना कप्पीसारखी खाच असल्याचे दिसले. पुढे २००७ मध्ये जम्मू-काश्मीरमधील कालाकोट भागातल्या इंडोहायसचे वर्णन आले. सुमारे ४.८ कोटी वर्षांपूर्वीच्या या छोट्याशा खुरवाल्या प्राण्याच्या मधल्या कानाभोवतीच्या हाडाची आतली कड जाड आहे, आणि ही खूण तोपर्यंत देवमाशांचीच समजली जात होती. दातांवरची भिस्त तेव्हापासून जवळजवळ संपली.

माझा प्रश्न असा आहे. पुस्तकी उत्तरानुसार वंशातून आलेले साम्य धरायचे आणि सारख्या राहणीमुळे आलेले साम्य सोडायचे. पण एखादे साम्य वंशातून आले आहे हे ठरवण्यासाठी वंशवृक्ष आधीच माहीत असावा लागतो, आणि वंशवृक्ष तर आपण साम्यावरूनच काढतो. मग हा युक्तिवाद स्वतःभोवतीच फिरत नाही का? दात फसवे आणि घोटा विश्वासार्ह, हे निकाल लागल्यानंतर म्हणणे सोपे आहे; आधी ते कशावरून म्हणता येते?

डीएनएचा पुरावा मला ठाऊक आहे. जनुकसंचात ठिकाणे बदलत चिकटणारे काही छोटे तुकडे देवमासा आणि पाणघोडा या दोघांत नेमक्या त्याच जागी सापडतात, डुकरात आणि उंटात सापडत नाहीत. असे योगायोगाने पुन्हा पुन्हा घडणे फारच अवघड आहे. हा पुरावा हाडांपासून स्वतंत्र असल्यामुळे मला सर्वांत भक्कम वाटतो. तथापि इंडोहायससारख्या जीवाश्मात डीएनए उरलेलाच नसतो, तेथे पुन्हा हाडांवरच यावे लागते. अनेक लक्षणे एकत्र घेऊन कमीत कमी बदलांत बसणारा वृक्ष निवडतात, असे मी वाचले आहे. ती रीत चार-पाच लक्षणांच्या छोट्या तक्त्यावर, फळ्यावर करून दाखवता येईल असे उदाहरण कोणी देऊ शकेल का? प्राणी शक्यतो मुलांच्या ओळखीचे असावेत.

आणखी एक विनंती. खाटकाकडून बकरीच्या मागच्या पायातील घोट्याचे हाड आणून मी वर्गात फिरवतो; दोन्ही खाचांवरून बोट फिरवले की मुद्दा लगेच पटतो. मात्र तुलनेसाठी कुत्रा किंवा घोडा यांचे तेच हाड मिळणे कठीण आहे. पशुवैद्यक शाखेतील कोणाकडे दोन्ही टोके स्पष्ट दिसणारे छायाचित्र असल्यास कृपया येथे द्यावे.