शब्दचर्चा: सॉफ्टवेअरमधल्या 'प्रॉडक्ट लाइन'ला मराठीत काय म्हणावं?

दूधवाली प्रोग्रॅमर
नमस्कार. मी गावोगावच्या दूध संस्थांना संकलनाचं आणि बिलांचं सॉफ्टवेअर करून देते. नवीन मुलांसाठी मराठीत टिपणं लिहायला घेतली आणि पहिल्याच पानावर अडले. एकेक सॉफ्टवेअर सुटं न लिहिता समान भाग एकदाच बांधायचे आणि त्यावर एकमेकांशी नातं असलेली अनेक सॉफ्टवेअर उभी करायची, याला 'प्रॉडक्ट लाइन' म्हणतात. 'उत्पादन मालिका' असा एक प्रतिशब्द मिळाला, पण मालिका म्हटलं की पोरांना सासू-सून आठवते. दुसरं काही सुचवा.

शिरोलीचा मोल्डर
मालिकेत एकामागून एक येतं, तुमची सगळी एकाच वेळी नांदतात. त्यामुळं मालिका बाद. 'श्रेणी'त वरचा-खालचा आला, तीही बाद. आणि ताई, त्या समान भागाला 'कोअर' म्हणू नका, हात जोडतो. आमच्या फाउंड्रीत कोअर म्हणजे कास्टिंगमध्ये पोकळी राहावी म्हणून साच्यात ठेवलेला वाळूचा तुकडा. ओतकाम झालं की तो फोडून बाहेर काढायचा. आमचं पोरगं तुमच्याकडं कामाला आलं तर पायाच फोडून ठेवेल.

निवृत्त मास्तर
मुळाकडे गेलं तर मदत होईल. 'प्रॉडक्ट लाइन' हा धंद्यातला शब्द. संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड पार्नास यांनी १९७६ च्या लेखात 'प्रोग्रॅम फॅमिली' म्हटलं होतं. त्यांची कसोटी साधी आहे: आधी सगळ्यांचं सारखेपण अभ्यासून मग एकेकाचं वेगळेपण पाहणं जिथं फायद्याचं ठरतं, ते कुटुंब. त्याआधी १९६८ मध्ये जर्मनीतल्या गार्मिशच्या सॉफ्टवेअर परिषदेत डग्लस मॅकिलरॉय यांनी सॉफ्टवेअरचे सुटे भाग कारखान्यासारखे तयार मिळावेत अशी मागणी केली होती, पण ती नटबोल्टच्या दुकानाची कल्पना. दुकानातून भाग आणून उभी केलेली सॉफ्टवेअर एकमेकांची नातलग असतीलच असं नाही.
मी 'घराणं' सुचवतो. अल्लादिया खाँसाहेबांचं कोल्हापूर हे. गायकी एक, प्रत्येक गळा निराळा.

दूधवाली प्रोग्रॅमर
सर, शब्द गोड आहे, पण घराण्यात नेमकं आमचं दुखणं आहे. गुरूंनी उतारवयात एखादी जागा बदलली, तर आधी शिकून गेलेल्या शिष्याच्या गळ्यात ती आपोआप उतरत नाही. आम्ही हेच केलं होतं. पहिल्या संस्थेचं सॉफ्टवेअर कॉपी करून दुसरीला दिलं, दुसरीचं थोडं बदलून तिसरीला, असं करत अकरा झाली. मग फॅटच्या दराचे पैसे पूर्णांकात आणताना चूक होतेय असं लक्षात आलं. अकरा ठिकाणी दुरुस्ती. त्यातल्या सात ठिकाणी ती ओळ जागेवर नव्हतीच, मध्ये कुणीतरी हलवलेली. एक संस्था राहून गेली आणि पुढच्या बिलाला सचिव रजिस्टर घेऊन दारात. इंग्रजीत याला 'क्लोन अँड ओन' म्हणतात. 'घराणं' हा शब्द त्यालाच देऊ या!

तांबडा की पांढरा
एवढं लांब कशाला जाता राव. घरात बघा. मटण शिजवलं की अळणी, म्हणजे मटणाचं पाणी, निघतं. निम्म्यात नारळाचं दूध आणि काजू-खसखस घातली की पांढरा, निम्म्यात कांदा-लसूण चटणी गेली की तांबडा. दोन रस्से, अळणी एक. आणि नाव बघा, 'अळणी', म्हणजे मिठाचा निर्णयसुद्धा पुढं ढकललाय.

उत्तरेश्वर पेठ
नावालाच अळणी. आमच्यात हळद-मीठ लावूनच मटण शिजतं. तिखट तेवढं नंतर.

निवृत्त मास्तर
बिनमिठाचं असो वा नसो, उदाहरण फक्कड आहे. १९९० मध्ये क्यो कांग आणि सहकाऱ्यांनी कार्नेगी मेलन विद्यापीठातून अशा सॉफ्टवेअर-कुटुंबाचे गुण मांडायची जी पद्धत दिली, तिच्यात गुणांचे असेच प्रकार पाडलेत: अनिवार्य, ऐच्छिक, पर्यायी. अळणी अनिवार्य, वरून लिंबू ऐच्छिक, नारळाचं दूध की चटणी हा पर्याय. 'घराणं' मी मागे घेतो.

पन्हाळ्याखालचा
'कुटुंब' मिळमिळीत वाटतं, आणि 'कूळ' म्हटलं की आमच्याकडं कूळकायदा आठवतो. 'भावकी' म्हणा. जमिनी वेगळ्या, पिकं वेगळी, विहीर सामाईक. सातबाऱ्यावरचा 'सामाईक' हा शब्द तुमच्या समान भागाला चपखल बसतो, 'सामायिक'पेक्षा जिभेवरचा आहे. विहीर उपसली की सगळ्यांचं पाणी वाढतं, मोटार जळाली की सगळ्यांचं पीक वाळतं. प्रत्येक सॉफ्टवेअरला 'वाण' म्हणा. को ८६०३२ हा ऊस तसा ऊसच, पण वेगळा वाण.

शिरोलीचा मोल्डर
वाण चालेल. पण भावकीत विहिरीवरनं कोर्टकचेऱ्या होतात, हे पण शब्दाबरोबर येणार.

पन्हाळ्याखालचा
येऊ दे की. तेवढं पोरांना कळलं पाहिजे.

दूधवाली प्रोग्रॅमर
'सामाईक भाग' आणि 'वाण' घेतले. अजून एक अडलंय. फरकासाठी मुद्दाम मोकळी ठेवलेली जागा, इंग्रजीत 'व्हेरिएशन पॉइंट'. उदाहरणार्थ, बिल दहा दिवसांचं की पंधरवड्याचं, हे सामाईक भागात ठरवायचं नाही, संस्थेनं ठरवायचं. 'बदलबिंदू' फार भूमितीतला वाटतो.

उत्तरेश्वर पेठ
स्लॅबवर कॉलमच्या सळ्या सोडतो ना आपण, पुढं मजला चढवायला? 'सोडलेल्या सळ्या'.

शिरोलीचा मोल्डर
भारी! आणि मजला चढला नाही तर त्या गंजतात. आमच्या गल्लीत वीस वर्षं कपडे वाळतायत त्यांच्यावर.

दूधवाली प्रोग्रॅमर
तेही खरं आहे. शेळीच्या दुधासाठी आम्ही एक सळई सोडली होती. आजवर एकाही संस्थेनं मागितलं नाही, पण दर बदलताना ती तपासावी मात्र लागते. समासात 'सळई' लिहिते, उदाहरणासकट.
मथळ्याला 'भावकी' ठेवतेय, मास्तरांना चालत असेल तर.

निवृत्त मास्तर
चालेल. कंसात 'प्रणाली-कुटुंब' लिहा, म्हणजे परीक्षक घाबरणार नाही. पण मोटार जळाली तर बिल कुणाचं, तेवढं टिपणात लिहा.

दूधवाली प्रोग्रॅमर
लिहिलंय, पान दोनवर. बिल माझं, म्हणून विहिरीत उतरायच्या आधी मला विचारायचं.