मदत हवी आहे: जीन ऑट्रीचा १९३५ चा चित्रपट, न कापलेली प्रत

नमस्कार मंडळी. 'टंबलिंग टंबलवीड्स' हा रिपब्लिक पिक्चर्सचा गाणाऱ्या काउबॉयचा चित्रपट कुणाकडे पूर्ण लांबीचा आहे का? दिग्दर्शक जोसेफ केन. नायक म्हणून जीन ऑट्रीचा हा पहिलाच पूर्ण चित्रपट.

कथा अशी: पाच वर्षांनी जीन औषधं विकणाऱ्या फिरत्या तमाशासोबत गावी परततो, तर वडिलांचा खून झालेला आणि आळ त्याच्याच जुन्या मित्रावर! गाणी, घोडे आणि मधोमध हे रहस्य. मला हे मिश्रण फार आवडतं. शीर्षकगीत बॉब नोलनचं आहे; वाऱ्यावर गडगडत जाणाऱ्या वाळक्या झुडपांचं. माझे बाबा ते अजून गुणगुणतात.

अडचण अशी की १९५० च्या दशकात टीव्हीसाठी असे बरेच चित्रपट कापून साधारण ५४ मिनिटांचे केले गेले. माझ्याकडची प्रत तशीच वाटते. ओळ अर्धवट असताना एक गाणं तुटतं, चित्र क्षणभर थरथरतं आणि थेट पुढचा प्रसंग. खुनाचे धागेच सुटतात हो.

ऑट्रींच्या चित्रपटांच्या दुरुस्त केलेल्या प्रती नंतर डीव्हीडीवर आल्या. अमेरिकेतल्या कुणी ती घेतली आहे का? रीजन १ ची (म्हणजे फक्त अमेरिकेकडच्या प्लेअरवर चालेल अशी बनवलेली) डिस्क आपल्याकडच्या रीजन ५ च्या प्लेअरवर चालवायला काय करावं लागेल? बाबांचा पंचाहत्तरावा वाढदिवस पुढच्या महिन्यात आहे. त्या दिवशी त्यांना तो सलग दाखवायचाय.