टी-शर्टवरचं इस्त्रीने चिकटवलेलं प्रिंट कसं काढायचं?

प्रश्न
भावाने त्याचा एक गडद निळा सुती टी-शर्ट मला दिलाय, कापड अजून एकदम छान आहे पण छातीवरच्या रबरासारख्या प्रिंटला भेगा पडल्यात आणि कडा सुटल्यात, म्हणून मला तो साधा करून घालायचाय. काल नखाने ओढलं तर एक कोपरा निघाला, पण खाली चिकट थर राहिला आणि आता त्याला केस, धूळ सगळं चिकटतंय. गरम पाण्यात भिजवून काहीच फरक नाही. इस्त्री वापरू की नेलपेंट रिमूव्हर? भोक पडेल अशी भीती वाटते.

सुईदोरा
कड सुटतेय म्हणजे ते वरून चिकटवलेलं आहे, निघेल. त्याच्या पाठीला उष्णतेने वितळणारा गोंद असतो आणि लावतानाच साधारण १५० अंशांच्या आसपास दाबतात, मग गरम पाण्याने तो कसा सुटणार. टी-शर्ट उलटा करा, प्रिंटखाली बटर पेपर ठेवा नाहीतर ते इस्त्रीच्या टेबलाला चिकटेल, वाफ बंद करून मागच्या बाजूने दहा-पंधरा सेकंद इस्त्री दाबा आणि लगेच सरळ करून चिमट्याने कडेपासून सोलायला घ्या. कापड दुसऱ्या हाताने सपाट दाबून धरायचं आणि प्रिंट वर न उचलता मागे दुमडत ओढायचं, वर उचललं की कापड ताणतं आणि तिथेच विरतं. गार झालं की थांबा, परत गरम करा. एका वेळी दोन बोटं रुंद एवढंच. वेळ लागतो पण घाई करू नका प्लीज.

धुणंवाळणं
सुती आहे म्हणून हे चालेल. पॉलिस्टर असेल तर एवढी कडक इस्त्री नको, कापड चकाकतं किंवा आकसतं, लेबलवर इस्त्रीच्या चिन्हात दोन ठिपके असतील तर इस्त्री तेवढ्यावरच ठेवा. आणि हात फिरवल्यावर काहीच लागत नसेल, रंग धाग्यातच मुरलेला असेल, तर ते प्रिंट कशानेच सोलून निघत नाही, उगाच कापड घासू नका.

सुईदोरा
बरोबर, आणि खरं काम पुढे आहे, गोंदाचं. आधी त्यावर खाकी कागद ठेवून इस्त्री फिरवा, बराचसा कागदाला लागतो, दर वेळी कागदाचा कोरा भाग घ्या. मग इस्त्री बंद करून, प्लग काढून, गार झाल्यावरच अ‍ॅसिटोनवालं रिमूव्हर काढा कारण ते लगेच पेट घेतं, खिडकी पण उघडी ठेवा. आधी आतल्या शिवणीवर थेंब टाकून बघा, गडद निळा आहे, रंग जाऊ शकतो. असेटेटच्या (रेशमासारखं चकाकणारं एक कृत्रिम कापड) कपड्याला तर लावूच नका, ते कापडच विरघळतं. कापसाने टिपायचं, घासायचं नाही. गोंद पूर्ण जाईपर्यंत ड्रायरमध्ये टाकू नका, परत पक्का बसेल.

प्रश्नकर्ता
झालं!! तीन संध्याकाळी गेल्या पण भोक नाही. रंगही गेला नाही, शिवणीवर आधी बघितलं होतं. फक्त प्रिंटच्या जागी अक्षरांचा गडद आकार दिसतोय, अजून गोंद आहे का तो?

धुणंवाळणं
हाताला चिकट लागत नसेल तर गोंद नाही. आजूबाजूचं कापड धुऊन आणि उन्हाने फिकं झालंय, प्रिंटखालचं मूळ रंगाचं राहिलं. सुती आहे तर पूर्ण टी-शर्ट त्याच निळ्यात परत रंगवून घ्या, फरक बराच कमी होईल.